सासऱ्यांची .३०० मॅग्नम आणि साडेचार सुताचे आटे

पाच काडतुसांपैकी दोन नकली, म्हणजे दारू नसलेली, होती. कुठली दोन, हे सासऱ्यांना ठाऊक नव्हतं. रायफलचं मॅगझिन मी भरलं होतं आणि त्याला त्यांनीच होकार दिला होता. पहिले दोन बार झाले. तिसऱ्या वेळी त्यांनी चाप ओढला, आतून नुसता 'टक्' असा आवाज आला आणि त्या शांततेत आम्हा दोघांनाही दिसलं: नळीचं टोक दोन बोटं खाली गेलं होतं, उजवा खांदा पुढे आला होता आणि डोळे घट्ट मिटलेले होते. गोळी सुटलीच नव्हती, तरी सगळं अंग धक्का झेलायला तयार होऊन बसलं होतं. त्यांनी बोल्ट उघडला, ते नकली काडतूस बाहेर काढून हातात घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे गेल्या वर्षी हेच झालं."

गेल्या वर्षी म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात. त्यांची गोळी एका एल्कला, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाला, छातीत लागायच्या ऐवजी मागे, पोटात लागली. आम्ही दोन दिवस रक्ताचा माग काढला, मग बर्फ पडला आणि माग बुजला. जनावर मिळालं नाही. चाळीस वर्षं शिकार करणाऱ्या माणसाला ही गोष्ट किती लागते, ते मी जवळून पाहिलं आहे. त्या हिवाळ्यात घरात कुणी तो विषय काढला नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करायला नळीच्या तोंडावर बसवायचा तुकडा, विकत घेणं सोपं; कुठला घ्यायचा आणि कशासाठी, हे ठरवायला आम्हाला जवळजवळ अख्खा उन्हाळा लागला.

माणूस आणि रायफल

मी मूळचा सांगलीचा. आमच्याकडे लेथवर वाढलेली पोरं असतात, त्यांतलाच एक. लग्नानंतर अमेरिकेत, माँटाना राज्यातल्या बिटररूट खोऱ्यात आलो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार ही जुन्या लोकांच्या तोंडून ऐकायची गोष्ट राहिली; इथे मात्र ती वर्षभराच्या मांसाची तजवीज असते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून साधारण पाच आठवडे रायफलचा हंगाम असतो आणि त्या पाच आठवड्यांत आमच्या सासऱ्यांना घरात शोधू नये.

त्यांचं वय ६८. शाळेत सुतारकाम शिकवायचे, आता निवृत्त. २०२५ च्या सुरुवातीला उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी रायफल चालवायला मनाई केली नाही, पण खांद्याला बसणारा धक्का कमी करा, असं स्पष्ट सांगितलं. रायफल .३०० विन्चेस्टर मॅग्नम, बोल्टची, २६ इंची नळी, दुर्बिणीसकट ३.६ किलो. हे काडतूस १९६३ साली बाजारात आलं आणि एल्कच्या शिकारीत तेव्हापासून मानाने वापरलं जातं. एल्कसाठी एवढं ताकदवान काडतूस लागतंच असं नाही. .३०८ या त्याहून सौम्य काडतुसानेही काम होतं, आणि त्यांच्याकडे एक जुनी .३०८ रायफल आहेसुद्धा. मी तसं एकदा सुचवलं. तेव्हा कळलं की ही रायफल सासूबाईंनी, त्या होत्या तेव्हा, घेऊन दिलेली. त्यानंतर मी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. जो पर्याय माणसाला मनापासून नको आहे, तो कागदावर कितीही चांगला असला तरी पर्याय नसतो.

मात्र त्याच .३०८ ने एक उपयोगी गोष्ट कळली. नकली काडतुसांची तीच परीक्षा आम्ही तिच्यावरही घेतली. नळी जागच्या जागी राहिली. दोन्ही रायफलींचं वजन जवळपास सारखं. म्हणजे त्यांचं अंग कुठपर्यंतचा धक्का निमूट सोसतं, याचं एक माप हाताशी आलं.

धक्क्याचा हिशोब

हा हिशोब मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बिलाच्या पाठीमागे मांडला होता. रायफल मागे येते ती दोन गोष्टींमुळे. एक, गोळी पुढे जाते. दोन, जळलेल्या दारूचा वायू गोळीच्या मागोमाग तोंडातून बाहेर पडतो, आणि गोळीपेक्षा कितीतरी वेगाने. सासऱ्यांची गोळी १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर. दारू ७२ ग्रेन, म्हणजे ४.७ ग्रॅम. वायूचा वेग अशा हिशोबात सर्रास १४३० मीटर धरतात. वस्तुमान गुणिले वेग केलं की गोळीचा वाटा १०.५ येतो आणि वायूचा ६.७. म्हणजे एकूण धक्क्यातला जवळजवळ ३९ टक्के भाग नुसत्या वायूचा! ३.६ किलोची रायफल यामुळे सेकंदाला पावणेपाच मीटर वेगाने मागे येते आणि खांद्यावर सुमारे ४१ जूल ऊर्जा सोडते. तोच हिशोब .३०८ ला, १५० ग्रेनच्या गोळीसाठी लावला तर २२ जूल येतात.

ब्रेकचं सगळं काम त्या ३९ टक्क्यांवर चालतं. गोळीच्या वाट्याला तो हातही लावू शकत नाही. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात बोफोर्सच्या नळीच्या टोकाला जो जाड तुकडा दिसतो, तोही हेच करतो: पुढे निघालेला वायू अडवून बाजूला वळवतो. वायू आतल्या भिंतींवर आदळतो, त्या भिंती पुढे ढकलल्या जातात आणि त्यांच्यासोबत रायफलही थोडी पुढे ओढली जाते. म्हणूनच दारू जास्त आणि गोळी त्यामानाने हलकी, अशा काडतुसात ब्रेक खरा कामाला येतो. जुन्या .३०-३० ला लावला तर वायूचा वाटाच जेमतेम २७ टक्के, मग हाती काय लागणार?

समजा ब्रेकने वायूचा पुढचा जोर निम्मा मोडला. ४१ चे २७ जूल होतात. पूर्ण मोडला तर १५. आणि वायू मागच्या बाजूला फेकला तर याहूनही कमी.

इथेच आम्ही पहिल्यांदा चुकलो. आकडे समोर असल्यावर माणूस सगळ्यात छोटा आकडा निवडतो. आम्हीही तेच करायला निघालो होतो.

जुलैमधली ती दुपार

एका ओळखीच्या माणसाने त्याची .३०० मॅग्नम वापरून बघायला दिली. तिच्या तोंडावर मोठा, चार कप्प्यांचा ब्रेक होता; कप्प्यांच्या भिंती मागे झुकलेल्या, म्हणजे वायू बाजूला आणि मागे जाणार. सासऱ्यांनी चार बार काढले आणि त्यांचा चेहरा खुलला. खांद्याला काही लागतच नाही म्हणाले. मीही दोन काढले. खरंच, लहान रायफल चालवल्यासारखं वाटलं.

मेव्हणा शेजारच्या बाकावर, तीनेक मीटरवर उभा होता. काहीतरी विचारायला त्याने एका कानावरचा, आवाज अडवणारा मफ जरासा वर केला आणि त्याच क्षणी सासऱ्यांचा पाचवा बार झाला.

तो खाली बसला. कानठळ्या बसणं हा शब्द आपण दिवाळीच्या फटाक्यांना वापरतो. त्या दिवशी मी तो अर्थासकट पाहिला. कानातली शिट्टी तीन दिवस गेली नाही. आठवड्याने तपासणी केली तेव्हा त्या कानाच्या आलेखात वरच्या पट्टीच्या आवाजांपाशी उतार दिसला. बायकोच्या हाताच्या घड्याळाची टिकटिक त्याला त्या बाजूने ऐकू येत नाही. वय ३४.

चूक कुणाची, यावर आम्ही घरी बोललो आणि ती तिघांची होती. सासऱ्यांनी बार काढण्याआधी बाजूला बघायला हवं होतं, मी सांगायला हवं होतं, त्याने मफ उचलायला नको होता. पण मला जे कळलं ते असं: खांद्यावरून उतरवलेला धक्का कुठेतरी जातो. तो वायू, तो दाब शेजारच्या माणसाच्या कानाकडे पाठवूनच आपण खांदा वाचवलेला असतो.

मॅग्नम रायफलचा बार ब्रेक नसतानाच १६० डेसिबलच्या वर असतो. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत अशा क्षणिक आवाजाची कमाल पातळी १४० धरली आहे. ब्रेक लावला की नेमबाजाच्या आणि बाजूच्याच्या कानापाशी त्यात आणखी काही डेसिबलची भर पडते, आणि डेसिबलमध्ये 'काही' हा शब्द फसवा असतो: ६ वाढले की दाब दुप्पट. शिकारीत तर बहुतेक जण कान उघडेच ठेवतात, कारण पाचोळ्यात पाऊल वाजलेलं ऐकायचं असतं. 'एका बाराने काय होतंय' हे वाक्य मी इथे फार ऐकलं आहे. एका बाराने काय होतं ते आमच्या घरात रोज जेवायला बसतं.

प्रश्न बदलला

त्यानंतर आम्ही 'धक्का किती कमी होतो' हे विचारणं सोडलं आणि 'नळी खाली जाणं थांबायला किती पुरेल' हे विचारायला लागलो. .३०८ च्या २२ जूलला त्यांचं अंग दचकत नव्हतं. वायूचा जोर निम्मा मोडणाऱ्या सौम्य ब्रेकने २७ येत होते. उरलेली तफावत दस्त्याच्या मागची जुनी, दगडासारखी झालेली रबरी गादी बदलून भागेल, असा माझा अंदाज होता. गादी ऊर्जा कमी करत नाही, पण ती खांद्यावर पसरवते आणि धक्क्याचा वेळ लांबवते, आणि शस्त्रक्रिया झालेल्या खांद्याला त्याचाच फरक पडतो. गादी आधी बदलली. खर्च ब्रेकच्या मानाने किरकोळ, आणि आवाज एका डेसिबलनेही वाढत नाही. माझं मत विचाराल तर कुठल्याही रायफलला ब्रेक लावायच्या आधी हे करून पाहावं.

सायलेन्सरचा विचार झाला, आणि मी स्वतः त्याच्याच बाजूचा होतो. तो वायूला आत कोंडून हळूहळू सोडतो, त्यामुळे आवाज वीस-तीस डेसिबलने उतरतो आणि धक्काही बऱ्यापैकी कमी होतो. माँटानात शिकारीला तो चालतो. पण नळी आधीच २६ इंची. तिच्या टोकाला आणखी पंधरा-वीस सेंटिमीटर आणि अर्ध्या किलोच्या आसपास वजन आलं की उभ्याने नेम धरताना सगळा भार पुढच्या हातावर आणि त्याच दुखऱ्या खांद्यावर येतो. सासऱ्यांनी तेवढ्या वजनाची लोखंडी नळकांडी टोकाला चिकटपट्टीने बांधून, रिकामी रायफल घेऊन अंगणात उभं राहून पाहिलं. अर्ध्या मिनिटात दुर्बिणीतली फुली डोलायला लागली. नळी कापून आखूड करायची त्यांची तयारी नव्हती. सायलेन्सर मागे पडला.

मग ब्रेकमध्ये काय काय? सगळ्या बाजूंनी झारीसारखी भोकं असलेला गोल ब्रेक बसवायला सोपा. कसाही फिरला तरी चालतो. पण खालच्या भोकांतून वायू जमिनीवर आपटतो. पालथं पडून बार काढला तर माती नाहीतर बर्फाची भुकटी थेट तोंडावर आणि दुर्बिणीवर येते, आणि जनावर पडलं की नाही हे बघायच्या नेमक्या क्षणाला काही दिसत नाही. तो बाद. मागे झुकलेल्या कप्प्यांचा, जुलैमधला, तो तर नकोच होता. राहिला बाजूंना सरळ काटकोनात उघडणारा, खालून बंद असलेला. त्यातही चार कप्प्यांऐवजी तीन कप्प्यांचा, आखूड, स्टेनलेस स्टीलचा घेतला. पुढच्या भोकाचा व्यास गोळीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर मोठा. दुकानातल्या माणसाने आम्हाला 'याहून जास्त धक्का खाणारा त्याच किमतीत आहे' असं प्रामाणिकपणे सांगितलं. सासरे म्हणाले, "मला कमी खाणाराच हवाय."

आटे

ब्रेक नळीवर आट्यांनी फिरवून बसतो, आणि आमच्या नळीला आटे नव्हते. .३० च्या रायफलींना सहसा ५/८ इंच, इंचाला २४ असे आटे पाडतात. आपल्याकडच्या वर्कशॉपच्या भाषेत पाच सूत; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी मायक्रोमीटर लावला तर नळीच्या टोकाचा बाहेरचा व्यास भरला ०.६४ इंच, १६.३ मिलिमीटरला एक केस कमी. पाच सुताचे आटे म्हणजे १५.९ मिलिमीटर. म्हणजे ब्रेकला टेकायला खांदा उरणार कडेला जेमतेम ०.२ मिलिमीटरचा. अशा खांद्यावर ब्रेक सरळ बसत नाही. आणि तो तिरका बसला तर गोळी आतल्या भिंतीला घासते. घासली की कधी नुसता नेम बिघडतो, कधी ब्रेकच फुटतो. म्हणून साडेचार सूत, ९/१६ इंच, तेच २४ आटे. त्यात कडेला जवळजवळ १ मिलिमीटरचा खांदा मिळाला आणि आट्यांच्या तळापासून आतल्या खाचांपर्यंत अडीच मिलिमीटरहून जास्त पोलाद शिल्लक राहिलं. या मापाचे ब्रेक कमी मिळतात, थोडे महागही पडतात. ज्यांची नळी हलकी, बारीक आहे त्यांनी ब्रेक पसंत करायच्या आधी टोकाचा व्यास मोजावा.

काम आमच्या गावातल्या एका बंदूक-कारागिराने केलं. मी शेजारी उभा होतो, आणि ज्या एका गोष्टीची मला धास्ती होती ती त्याने न सांगता केली. नळीचं छिद्र बाहेरच्या गोलाईच्या अगदी मधोमध असतंच असं नाही. त्यामुळे लेथचा चक (नळी पकडणारा भाग) बाहेरून घट्ट केला आणि आटे पाडले तर ते बाहेरच्या गोलाईला समकेंद्री होतात, छिद्राला नाही. आणि गोळी तर छिद्रातून येते. त्याने चार जबड्यांच्या चकात नळी धरली, छिद्रात तंतोतंत बसणारी घासलेली कांडी सरकवली आणि डायल, म्हणजे काट्याचं मापक, त्या कांडीवर लावला. एक जबडा किंचित सैल, समोरचा किंचित घट्ट, पुन्हा चक फिरव, पुन्हा काटा बघ. तब्बल पाऊण तास तो फक्त हेच करत होता. काटा हलायचा थांबला तेव्हा त्याने पहिला काप घेतला. आटे पाडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सांगलीत माझे उस्ताद म्हणायचे, सेंटर काढण्यात वेळ घालवणाऱ्याचा वेळ कधी वाया जात नाही. ते मला त्या दुकानात फार आठवले.

ब्रेक दोन्ही बाजूंना सारखा उघडला पाहिजे, म्हणून त्याच्यामागे फिरकीचा नट होता. ब्रेक हाताने फिरवून कप्पे आडवे, पातळीत आणायचे आणि मागून नट आवळायचा. वॉशर घासत बसण्यापेक्षा हे बरं, कारण नळी साफ करताना ब्रेक काढावा लागतो. नाहीतर कप्प्यांत काजळी आणि चिंध्या अडकतात.

रेंजवर आणि रानात

सप्टेंबरचा पहिला रविवार. रेंजवर आता आमचा कडक नियम: कानात बोळे, वर मफ, आणि बाजूला कोणी नाही. बघणारा नेमबाजाच्या थेट मागे. पहिल्याच बारात कळलं की नेम सरकला आहे. १०० यार्डांवर गोळी आधीपेक्षा चार बोटं खाली आणि जराशी डावीकडे. टोकाला वजन आलं की नळीची थरथर बदलते, त्यात नवल नाही. पण 'सरावाला ब्रेक लावीन, रानात काढून ठेवीन' असं ज्यांच्या मनात असतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. रायफल ज्या रूपात रानात जाणार, त्याच रूपात तिचा नेम बसवायचा. आम्ही दुर्बीण नव्याने बसवली.

मग नकली काडतुसं. पाचात दोन, यावेळी मेव्हण्याने भरली. पहिल्या 'टक्'ला नळी थोडी हलली. दुसऱ्यावेळी नाही. पुढच्या शनिवारी सहा वेळा 'टक्' झालं आणि सहाही वेळा फुली काळ्या ठिपक्यावर होती, डोळे उघडे. सवय एका दिवसात जात नाही. अंगाला पुन्हा पटवून द्यावं लागतं. त्यांनी सप्टेंबरभर दर आठवड्याला फक्त दहा बार काढले, खांदा दुखायच्या आत थांबले.

रानासाठी सासरे आणि मेव्हणा, दोघांना इलेक्ट्रॉनिक मफ घेतले. बारीक आवाज ते मोठे करून देतात आणि मोठा आवाज कापतात, त्यामुळे काटकी मोडलेलीही ऐकू येते. पहिल्या आठवड्यात सासऱ्यांना ते मानेभोवती ठेवायची सवय होती. गरज पडली की चढवू, असा हिशोब. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी सकाळी दीडशे यार्डांवर नर उभा होता, पूर्ण आडवा. त्यांनी स्वतःचे मफ चढवले, शेजारी पाहिलं, तर मेव्हण्याचे पाठपिशवीत. तो ते काढेपर्यंत जनावर झाडीत गेलं. सासऱ्यांनी बार काढला नाही. परत येताना गाडीत कुणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पार्किंगमधून पाऊल टाकतानाच दोघांचे मफ कानांवर असायचे.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक मादी मिळाली. परवान्यात ती चालत होती. १८० यार्ड, काठीच्या टेकूवर, बसून. मी मागे होतो. गोळी कोपराच्या मागे, जिथे लागायला हवी तिथे लागली. जनावर चाळीस पावलं चाललं आणि बसलं. सासऱ्यांनी बोल्ट मागे घेतला, पुन्हा पुढे लोटला, तसेच दुर्बिणीतून बघत राहिले. डोळे उघडे होते. नंतर मांस खाली आणताना त्यांनी उजवा खांदा एकदाही चोळला नाही, हे माझ्या बायकोने मला रात्री सांगितलं. मी ते पाहायचं विसरलो होतो.

मेव्हण्याने स्वतःच्या रायफलसाठी मात्र सायलेन्सरच घ्यायचा ठरवला आहे. सायलेन्सरवरचा, १९३४ च्या कायद्यापासून चालत आलेला २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला; नोंदणी, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी हे सगळं अजून आहे. त्याची नळी जाड आहे, पाच सुताचे आटे कंपनीतूनच पाडून आलेले. अर्ज जानेवारीत भरला.